सासऱ्यांचं बिनवायरचं ड्रिल

मी आयुष्यात जे काही मिळवलं, ते वही करून मिळवलं. दहावी, बारावी, बी.कॉम., ऑफिसातली बढतीची परीक्षा, सगळ्यांच्या वह्या माझ्याकडे अजून आहेत. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी मी पहिली. वडील तालुक्याच्या गावी तेलाच्या घाण्यावर कामाला होते, आईला सही करण्यापुरतं लिहिता यायचं. त्यामुळे कुठलीही गोष्ट अवघड वाटली की माझा हात आपोआप वहीकडे जातो. सासऱ्यांसाठी ड्रिल मशीन घ्यायचं मी मनाशी ठरवलं, तेव्हाही आधी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर ‘ड्रिल मशीन’ असं लिहिलं आणि खाली दुहेरी रेघ मारली.

नवऱ्याने वही उघडून पाहिली आणि विचारलं, “पेपर कधी आहे?”

“बाबांसाठी घ्यायचंय.”

“बाबांसाठी घे ना मग. दुकानात जायचं, एक ड्रिल द्या म्हणायचं.”

माझा नवरा बल्ब बदलताना आधी इमारतीचा मेन स्विच कुठे आहे ते विचारतो. त्याचं मत मी वहीत घेतलं नाही.

ड्रिल कशासाठी, ते सांगायला हवं. माझे सासरे गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. गिरणी बंद पडली, पण त्यांचे हात बंद पडले नाहीत. वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या तिन्ही मजल्यांवर भिंतीला जेवढी भोकं होती, त्यातली बहुतेक त्यांनी पाडलेली. त्या भिंती जुन्या काळातल्या काँक्रीटच्या. साधा खिळा ठोकला तर तो वाकून ठोकणाऱ्याकडेच बघायचा. कुणाला टीव्ही टांगायचा असो, कुणाला मांडणी ठोकायची असो, सासरे आपलं चार किलोचं धूड घेऊन जायचे. त्या मशीनच्या वायरीला इतक्या ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली होती की मूळ वायर कुठे आहे हे शोधावं लागे. मोबदला म्हणजे चहा. चहात साखर कमी असली तर भोक थोडं तिरपं पडतं, असं ते म्हणायचे.

लग्न होऊन मी त्या खोलीत आले तेव्हा माझं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. ते सोडून द्यायची मी तयारी केली होती, कारण एकशेसाठ फुटांत पाच माणसं आणि अभ्यासाला जागा कुठली? सासऱ्यांनी एका रविवारी खिडकीखाली दोन भोकं पाडून भिंतीला दुमडणारी फळी बसवली. “हंय बस आणि लिही,” एवढंच म्हणाले. त्या फळीवर मी पदवीधर झाले. त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिताना माझ्या चेष्टेत थोडा नमस्कार मिसळलेला असतो, तो वाचणाऱ्याने समजून घ्यावा.

मग चाळ पाडली आणि आम्हाला त्याच आवारातल्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर घर मिळालं. चाळीतली जुनी कुटुंबं वरखाली विखुरली, पण शेजार बराचसा तोच राहिला. नव्या घरात सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात पडद्याचा रॉड लावायला धूड बाहेर काढलं. मशीन भिंतीत अडकलं, भिंत फिरली नाही म्हणून मशीन फिरलं, आणि त्याच्यासोबत सासऱ्यांचं मनगट. महिनाभर पट्टा बांधून होते. पट्टा निघाला, पण मूठ पूर्वीसारखी आवळत नव्हती. धूड पलंगाखाली गेलं. कोणी काही लावायला बोलावलं तर ते सांगायचे, “सोसायटीची परमिशन नाय.” सोसायटीने दहा ते एक आणि चार ते सहा अशी लेखी परवानगी लिफ्टमध्ये चिकटवली होती. सगळ्यांनी ती वाचली होती. तरी सासऱ्यांना कोणी खोटं पाडलं नाही. हळूहळू बोलवायचेच बंद झाले.

त्यातच सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं, की त्या घरी येण्यापूर्वी संडासात आणि न्हाणीघरात आधाराला स्टीलच्या दांड्या बसवून ठेवा, आणि त्या पक्क्या बसवा, कारण सगळं वजन त्यावर येणार. नवऱ्याने मोबाइलवरून सुतार बोलावला. सुतार बिचारा टोपी घालून, पेटी घेऊन, वेळेवर आला. सासऱ्यांनी दार अर्धं उघडून त्याला खालून वर पाहिलं.

“बायको माझी आसा,” ते म्हणाले. “दांडी मी लावतलंय.”

सुतार गेला. नवरा चिडला. सासरे पलंगावर बसले आणि उजव्या हाताची मूठ उघडझाप करत राहिले. सासूबाई आतून म्हणाल्या, “लाव हां. मी पडलंय तर तुझ्याच अंगावर पडान.” पण त्यांचा आवाज थट्टेचा नव्हता.

तेव्हा मी वही आणली.

तीन आठवडे मी अभ्यास केला. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हाताने खात. व्होल्ट म्हणजे काय, अँपिअर-अवर म्हणजे काय, ब्रश असलेली मोटर आणि ब्रश नसलेली मोटर. टॉर्क म्हणजे पिळण्याची ताकद, हे मी तीनदा लिहून काढलं, तेव्हा कुठे लक्षात राहिलं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना वाटलं मी विज्ञान शाखेला प्रवेश घेतला. मी रकाने पाडले: वजन, बॅटरी, वॉरंटी, चकचा आकार. चक म्हणजे मशीनच्या तोंडाशी बिट, म्हणजे भोक पाडणारी सळी, पकडणारा जबडा. वजनाच्या रकान्याखाली मी लाल रेघ मारली. सासऱ्यांच्या मनगटाचा विचार करता सर्वांत हलकं ते सर्वांत चांगलं, असा माझा सिद्धांत. शेवटी बारा व्होल्टचं, जेमतेम किलोभर वजनाचं एक मशीन पहिलं आलं. त्याच्या नावापुढे मी चांदणी काढली.

एका शनिवारी नागदेवीला गेले. त्या गल्लीत हत्यारांच्या दुकानांशिवाय काही नाही आणि बायका जवळजवळ नाहीत. दुकानातले काका चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “बोला मॅडम, काय, मिक्सर? ती लाइन मागे.”

“कॉर्डलेस ड्रिल,” मी म्हटलं आणि वही काउंटरवर ठेवली.

काकांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्चीवर जरा सरळ बसले. “भिंत कसली आहे?”

“सिमेंटची.”

“विटेची का काँक्रीटची?”

“नवीन टॉवरची,” मी म्हटलं. शाळेत न येणाऱ्या प्रश्नाला मी असंच उत्तर द्यायची, ठाम आवाजात, बाजूचं.

“मग हे नको. हॅमरवालं घ्या. थोडं जड आहे, पण काम होईल.”

आता माझ्या वहीत सतराव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं, की दुकानदार नेहमी महागडं मशीन गळ्यात मारतात, आपण आपल्या निर्णयावर ठाम राहावं. मी ते वाक्य मनातल्या मनात वाचलं आणि ठाम राहिले. काकांनी हात जोडले. “तुम्ही शिकलेल्या आहात. मी फक्त चाळीस वर्षं विकतोय.”

मला त्यातला टोमणा घरी पोचल्यावर कळला.

घरी मी खोका उघडला. आत मशीन, एक बॅटरी, चार्जर आणि चोवीस बिटांची डबी. सासऱ्यांनी मशीन दोन बोटांत धरून वर उचललं.

“ह्यां काय हाडलंस गो?”

“ड्रिल आहे बाबा. बिनवायरचं.”

“ह्यां ड्रिल? ह्यां तर रंगपंचमीचा पिस्तूल. पाणी खंयसून घालूचा?”

मी रीतसर बॅटरी चार्ज केली, कपाटामागे, जिथे कोणाला दिसणार नाही अशी जागा निवडली आणि भिंतीला बिट लावलं. मशीन गोड आवाजात फिरू लागलं. मी दाबलं. ते फिरत राहिलं. मी अंगाचा भार टाकला. पाच मिनिटांनी जळका वास आला. बिटाचं टोक निळं पडलं होतं आणि भिंतीवर डाळीच्या दाण्याएवढा खळगा होता.

सासऱ्यांनी वाकून, चष्मा लावून, तो खळगा पाहिला. “भिंतीक गुदगुल्यो केलंस,” ते म्हणाले. आणि मग हसू लागले. मनगट दुखावल्यापासून ते असे हसले नव्हते. इतके हसले की त्यांना बसावं लागलं. मला रडू यायच्या बेतात होतं, पण त्यांच्याकडे बघून मीही हसले.

मग त्यांनी मला भिंतीपाशी नेलं आणि बोटांच्या पेरांनी एक टकटक केली. आमच्या नव्या घरात एक-दोन भिंती हलक्या ठोकळ्यांच्या आहेत, बाकी सगळ्या ओतीव काँक्रीटच्या. हलकी भिंत पोकळ बोलते, काँक्रीट बोलतच नाही. “हिका नुसता फिरवून भागना नाय,” ते म्हणाले. “फिरवता फिरवता ठोकूक होया. तुझा मशीन फिरता, ठोकणा नाय.” माझ्या वहीत टॉर्कवर तीन पानं होती. ठोकण्यावर एक ओळ होती, आणि ती मी वजनाच्या भीतीने खोडली होती.

पुढच्या शनिवारपर्यंत सासूबाई हॉस्पिटलात दाखल होऊन ऑपरेशनही झालं होतं. परळच्या हॉस्पिटलात त्यांना भेटून मी नागदेवीला निघाले, तेव्हा तिथे बसलेले सासरे मागून जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, “मी पण येतंय.” टॅक्सीत मी माझ्या चुकीबद्दल माफी मागायला लागले, तर म्हणाले, “गप बस. चुकल्याशिवाय फिटर होता काय कोण?”

दुकानातल्या काकांनी मला ओळखलं. “वही आणली?” त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

“ह्या वेळेला सासऱ्यांना आणलंय.”

“हे बरं केलं. ह्यांना पान उलटावं लागत नाही.”

वापरलेलं मशीन परत घेणार नाही, हे काकांनी आधीच सांगून टाकलं. पण ते वाया जाणार नाही, म्हणाले, लादीला पहिलं भोक पाडायला आणि स्क्रू पिळायला ते उत्तम. फक्त एक चूक मोठी: ह्या लहान मशीनची बॅटरी दुसऱ्या कुठल्या मोठ्या मशीनला लागत नाही. “मॅडम, आधी बॅटरी ठरवायची, मग मशीन. एका बॅटरीवर चार मशीनं चालली पाहिजेत. आता तुमच्या घरी दोन चार्जर राहणार, दोन जावांसारखे.” मी वही घरी ठेवून आले होते. हातावर लिहून घेतलं.

मग त्यांनी अठरा व्होल्टचं, ठोकणारं मशीन काउंटरवर ठेवलं. धुडाच्या निम्म्याहून थोडं जास्त वजन. सासऱ्यांनी ते उचललं आणि जी वीस मिनिटं मी बघितली, ती मला कुठल्याही रकान्यात बसवता आली नसती. त्यांनी आधी बॅटरीशिवाय तोललं, मग बॅटरी लावून. खालच्या टोकाला बॅटरीचं वजन आल्यामुळे तोंड खाली झुकत नाही, हे त्यांनी मला हातात देऊन दाखवलं. बाजूची मूठ डावीकडे लावून पाहिली, उजवीकडे लावून पाहिली. बिट अडकवायची खाच अंगठ्याने चाचपली. खांद्याइतक्या उंचीवर धरून, डोळे मिटून, मनात काहीतरी मोजल्यासारखे उभे राहिले. एक गिऱ्हाईक खिळे मागायला आलं, त्याला काकांनी हातानेच थांब म्हटलं.

सासऱ्यांनी मशीन खाली ठेवलं. रस्त्याकडे बघत, आवाज खाली आणून विचारलं, “अडाकला तर हात पिरगळता काय?”

मला वाटतं एवढा एकच प्रश्न विचारायला ते टॅक्सीत बसून आले होते.

काकांनी त्याच खालच्या आवाजात उत्तर दिलं. “नाही काका. आत क्लच आहे. बिट अडकलं की मशीन आपोआप सुटतं, हाताला झटका देत नाही. हे बघा.” त्यांनी दुकानाच्या मागच्या काँक्रीटच्या खांबावर, जिथे आधीच मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं होती, मशीन मुद्दाम तिरपं धरून अडकवून दाखवलं. कट् असा आवाज झाला आणि मशीन गप्प. “आता तुम्ही.”

सासऱ्यांनी केलं. कट्. पुन्हा केलं. कट्. तिसऱ्यांदा केलं तेव्हा ते हसत होते आणि काका म्हणाले, “बस बस, खांबावर माझं दुकान उभं आहे.”

आम्ही ते मशीन घेतलं. सासरे खोका मांडीवर घेऊन टॅक्सीत बसले आणि घरी येईपर्यंत बोलले. मला मध्ये एवढंच बोलता आलं, की उद्या सकाळी लावून टाकू दांड्या.

“उद्या?” ते म्हणाले. “उद्या हत्यारं धुवूची. परवा खंडेनवमी.”

आमच्या माहेरी खंडेनवमीला विळे-कोयते पुजतात. इथे गिरणगावात मी निराळंच पाहिलं. गिरणी असताना दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीनं धुऊनपुसून, तेल देऊन, झेंडूच्या माळा घालून पुजायचे. गिरणी गेली, पण सासऱ्यांच्या घरी नियम राहिला. पाना, पक्कड, हातोडी, करवत, सगळं पाटावर मांडायचं, आणि दसरा उलटेपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. नवं हत्यार तर पुजल्याशिवाय चालवायचंच नाही, चार्जिंगलासुद्धा लावायचं नाही. सासूबाईंना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडणार होते. म्हणजे दांड्या बसवायला एकच सकाळ. नवऱ्याने पुन्हा सुताराचा विषय काढला. सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो झेंडू आणायला गेला.

पूजेत एक छोटा वाद झाला. हळदकुंकू कुठे लावायचं? हातोडीला डोकं असतं, प्रश्न नसतो. ड्रिलचं कपाळ कुठलं?

“बिट लागतं तिथे,” मी म्हटलं.

“ता तोंड.”

“मग मोटर?”

“ता पोट.”

“मग बटण?”

सासऱ्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “बॅटरी,” ते म्हणाले. “जीव खंय आसा? थंय कपाळ.” त्यांनी बॅटऱ्या मशीनमधून काढून वेगळ्या मांडल्या. मला स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी बोलावत होती, मी गेले. परत आले तेव्हा पाट सजला होता. पूजा छान दिसत होती. मी नमस्कार केला. नीट बघितलं असतं तर पुढचं टळलं असतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी पाट हलवला, झेंडू काढले आणि बॅटरी चार्जरला लावली. लाल दिवा भराभर मिचकू लागला. हिरवा लागायला हवा होता. दुसरी बॅटरी लावली. लाल. मशीनला लावून बटण दाबलं. काही नाही. लहान मशीनचीही तीच गत.

सासरे मागे उभे होते. “काय म्हणता?”

मी बॅटरी उलटी करून उजेडात धरली. जिथे बॅटरी मशीनला जोडली जाते तिथे खाचेत पितळी पट्ट्या असतात. त्या चकाकतात. सासऱ्यांना तेच कपाळ वाटलं होतं. प्रत्येक खाचेत ओल्या बोटाने लावलेली हळद, त्यावर कुंकू, आणि सगळ्यावर मशीन ऑइलचे दोन-दोन थेंब. कुंकू तेलात कालवून घट्ट बसलं होतं.

“बाबा, तेल?”

“गिरणीत तेल दिल्याशिवाय एक मशीन चालला नाय माझा,” ते म्हणाले. पण आवाज शाळेत उभं केलेल्या मुलाचा होता.

“बाबा, ह्याला आतमध्ये तेल द्यायचं नसतं. हे उपासाचं मशीन आहे.”

ते हसले नाहीत. घड्याळाकडे पाहिलं. सव्वाआठ. मग खुर्चीवर बसले, आणि पहिल्यांदा ते शब्द त्यांच्या तोंडून आले, अगदी नीट प्रमाण मराठीत, परक्या माणसाशी बोलल्यासारखे. “बोलव त्या सुताराला.”

नवऱ्याचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला. मी म्हटलं, “थांब.”

माझी वही निकामी नव्हती, हे मला इथे नोंदवायचं आहे. एकेचाळिसाव्या पानावर ‘निगा’ असं शीर्षक होतं. ड्रिल घ्यायच्या आधीच मी ड्रिलची निगा लिहून ठेवली होती, कारण परीक्षेत शेवटचा धडा नेहमी येतो. बॅटरी काढून मग साफ करावं. पाणी नको. जोड कोरड्या फडक्याने पुसावेत. मोटरची हवा घ्यायची फट ब्रशने मोकळी ठेवावी. बॅटरी उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नये. बिट अडकवायच्या दांड्याला मात्र चिमूटभर ग्रीस चालेल. हे शेवटचं मी मोठ्याने वाचलं. सासऱ्यांनी मान वर केली.

“ग्रीस चालता?”

“तिथे चालतं. बिटाच्या मागच्या टोकाला.”

“बघ,” ते नवऱ्याला म्हणाले, जणू खटला अर्धा जिंकला.

आम्ही जमिनीवर बसलो. कोरडा नवा टूथब्रश, कान साफ करायच्या काड्या, औषधाच्या डब्यातलं स्पिरिट. माझी बोटं बारीक म्हणून खाचा माझ्याकडे, तेलकट बाहेरची बाजू सासऱ्यांकडे. काडीमागून काडी लाल-पिवळी होऊन निघत होती. नवऱ्याला पुठ्ठ्याने वारा घालून खाचा वाळवायचं काम दिलं. तेवढं तो चांगलं करतो. साडेनऊला मी बॅटरी चार्जरला सरकवली. लाल दिवा एकदा मिचकला. मग हिरवा.

सासऱ्यांनी हात जोडले. ते चार्जरला की मला, मी विचारलं नाही.

सव्वादहाला, परवानगीच्या वेळेत, ते आधी न्हाणीघरात शिरले. मला सोबत घेतलं. लाद्यांवर त्यांनी आधी कागदी चिकटपट्टीची फुली मारली, कारण गुळगुळीत लादीवर बिट घसरतं. पहिलं भोक माझ्या लहान मशीनने पाडायला सांगितलं, न ठोकता, हळू. “लादीक गुदगुल्योच होयेत,” ते म्हणाले, “ठोकलंस तर फुटतली.” माझं रंगपंचमीचं पिस्तूल लादीतून लोण्यातून गेल्यासारखं गेलं. माझी मान जरा ताठ झाली असावी. खाली धूळ झेलायला मी जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट चिकटवलं, ते त्यांनी शिकवलेलं.

मग त्यांनी मोठं मशीन घेतलं. बाजूच्या मुठीवर डावा हात, मागे उजवा. पाय थोडे फाकवले. बटण दाबण्याआधी एक क्षण थांबले. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होते आणि मी बघतेय हे त्यांना माहीत होतं.

आवाज झाला. काँक्रीटची राखाडी पूड सरसर पाकिटात पडू लागली. एक भोक, दोन, तीन. चौथ्याला आत कुठेतरी सळई लागली आणि कट्. मशीन गप्प. सासऱ्यांनी उजवा हात सोडून मनगट फिरवून पाहिलं. एकदा, दोनदा. काही झालं नव्हतं.

“सुटला,” ते म्हणाले. मग बोटभर बाजूला नवी फुली मारून पुन्हा लावलं.

आठवं भोक झाल्यावर त्यांनी मशीन माझ्यापुढे धरलं. “उरलेली, संडासातली चार तू.”

“बाबा, मी?”

“हात दमलो माझो. आणि तुझ्या वहीत ह्यां नाय. हातान शिक.”

मी पाडली. ते मागून माझं कोपर वर-खाली करत होते. माझं एक भोक वाकडं गेलं. त्यावर ते “चहात साखर कमी होती” एवढंच म्हणाले.

आवाज ऐकून दारावर बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या, चाळीत आमच्या समोर राहणाऱ्या काकू होत्या. “मी आवाजावरून ओळखलं,” त्या म्हणाल्या. “काका, परमिशन आली का तुमची? आमचा पडद्याचा रॉड सहा महिने पलंगाखाली पडलाय हो.”

सासऱ्यांनी पाकिटातली पूड कचऱ्यात ओतत म्हटलं, “बघू. बॅटरी चार्ज करूक होयी.”

दुपारपर्यंत दांड्या बसवून झाल्या आणि संध्याकाळी नवरा सासूबाईंना घेऊन आला. वॉकर धरून, एकेक पाऊल टाकत त्या आल्या, आणि घर बघायच्या आधी न्हाणीघराकडे गेल्या. सासऱ्यांना आत येऊ दिलं नाही. माझाही हात बाजूला केला. दार लोटून घेतलं. सासरे बाहेर उभे राहिले, दाराला जवळजवळ कान लावून, दोन्ही हात पुढे करून. आत सासूबाई पडल्या असत्या तर बंद दारातून ते कसं झेलणार होते, हे त्यांनाच माहीत.

आत वॉकर भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. मग स्टीलवर बांगड्यांचा आवाज.

“धरलंस?”

“धरलंय.”

“हलता?”

“हलणा नाय.”

“जोरान ओढ.”

“ओढतंय.”

“अजून जोरान. सगळा वजन टाक.”

“आणि किती टाकू? भिंत भायर इली तर?”

“येवची नाय,” सासरे म्हणाले. त्यांनी पुढे धरलेले हात खाली घेतले आणि उजव्या हाताने कपाळाचा घाम पुसला. “तू टाक.”